सुपारी फुटल्यावर

१७ मार्च, सोमवार

काल फर्दापूर. आधी अजिंठ्याची लेणी. मग लॉज.

मी नाही म्हणाले होते. एकदा हळू, एकदा नीट ऐकू जाईल असं. त्यानंतर काहीच म्हणाले नाही. बद्रीनाथ म्हणाला, "सुपारी फुटली, कुंकू लागलं, आता कशाची लाज?" छताच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं. मी त्याच्याकडंच बघत राहिले. ओरडले नाही. का नाही ओरडले, देव जाणे!

येताना सिल्लोडला त्यानं उसाचा रस पाजला. मी प्याले. घरी आई म्हणाली, "लेणी लई उंचावर हायेत का गं? दमलीस." व्हय म्हणाले. साखरपुडा झालाय, जाऊ द्या पोरांना फिरायला, असं म्हणून घरच्यांनीच पाठवलं होतं. आईनं पहाटे उठून दशम्या केल्या होत्या. डबा तसाच परत आला. गायीला घातल्या.

१८ मार्च

लासूरहून सकाळची गाडी. ऑफिस. संध्याकाळची गाडी. जेवले. काही वाटत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

आज ऑफिसात एक जामीन अर्ज होता. काकासाहेब वकील सांगतात, मी टाइप करते. 'फिर्यादीने कोणताही प्रतिकार केला नाही, आरडाओरड केली नाही, सबब तिची संमती होती असे दिसून येते.' हे वाक्य बोटांना पाठ आहे. आज 'प्रतिकार'वर बोटं थांबली.

"काय गं शिवकन्या, लाइट गेली का?"

"नाही सर."

जेवणाच्या सुट्टीत त्यांचंच पुस्तक काढलं. न्याय संहिता, कलम त्रेसष्ट. संमती म्हणजे काय? बाईनं शब्दानं, खुणेनं, कशानं का होईना, स्वतःच्या मर्जीनं स्पष्ट दाखवलेली तयारी. आणि खाली — तिनं अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून तिची संमती धरायची नाही.

पुन्हा वाचलं. आता रडू येईल असं वाटलं. नाही आलं. भेंडीची भाजी होती, खाल्ली.

त्याच्याच खाली अपवाद. बायको अठराच्या पुढची असेल तर नवऱ्यानं तिच्याशी ठेवलेला संबंध हा बलात्कार नाही.

लग्न चार मेला आहे. म्हणजे रविवारी लॉजवर झालं तो गुन्हा. तेच, त्याच खोलीत, पाच मेला झालं तर नाही! पंखासुद्धा तोच असेल.

२४ मार्च, सोमवार

धीर करून विचारलं. "सर, एका पोरीचं विचारायचं होतं. साखरपुडा झालाय, लग्न व्हायचंय. अन् मुलानं जबरदस्ती केली."

काकासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "गुन्हा आहे. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. आणि पुढं लग्न झालं म्हणून मागचा गुन्हा पुसला जात नाही." चहा बशीत ओतला. "पण मग साक्ष द्यायला येतंय कोण? म्हणून तर लोक घाईघाईनं लग्न लावून टाकतात. कुठली आहे ती?"

"आमच्या लासूरकडची."

"तिला म्हणावं, इकडं ये. उगं घरात कुढत बसू नको."

पुढं काही विचारलं नाही त्यांनी. चांगला माणूस आहे. मग परत परवाच्या आरोपीची फाइल उघडली, तीही मन लावून वाचत बसले.

३० मार्च, गुढीपाडवा

बद्रीनाथ साखरेच्या गाठी घेऊन आला. अप्पा म्हणाले, "वाढ गं, जावयाला पोळी वाढ." मी वाढली. तूप घातलं. थेंब सांडला नाही, माझं मलाच नवल!

भागूआत्या म्हणाली, "पोरगी लई शांत झाली बाई. सासर आत्ताच अंगी लागलं." सगळे हसले. मीसुद्धा.

रात्री सुपारीचा दिवस आठवत बसले. अप्पा, मामा, पाहुणे बाहेर ओसरीवर. सुपारी फोडली, खोबरं वाटलं, "फुटली बरं का!" म्हणून कुणीतरी आत ओरडलं. मी आत पोहे परतत होते. आई म्हणाली, "सुटले बाई एकदाची." फोडायच्या आधी मला कुणी विचारलं होतं का? आठवत नाही. म्हणजे नाहीच.

पण तेव्हा मला तो आवडला होता. हे इथं लिहायलाच पाहिजे. आवडला होता. मनातल्या मनात त्याचं नाव घेऊन उखाणा पण जुळवला होता. मूर्ख!

२ एप्रिल

तो रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवतो. आज लिहिलं, 'राणी नाराज आहे का?' मी अंगठा पाठवला.

१३ एप्रिल, रविवार

बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं शहागंजात. आई अजून औरंगाबादच म्हणते, "औरंगाबादला बस्ता, म्हंजी दिवस गेला."

दुकानातले चाचा साड्यांवर साड्या उलगडत होते. मला म्हणाले, "बेटी, तुम बोलो ना. पैनना तो तुमकूच है!" मी तोंड उघडायच्या आत सारजाबाई, होणाऱ्या सासूबाई, म्हणाल्या, "तिला काय कळतंय? तो जांभळा शालू काढा." जांभळा ठरला.

मग बद्रीनाथ शेजारी येऊन टेकला. ओढणीखालून मनगट धरलं. झालं, माझा हात माझा राहिलाच नाही. मी साड्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या वाचत बसले.

आईनं बघितलं. पाण्याचा पेला घेऊन आली आणि सरळ मधी बसली. "सरका जावईबापू, लई उकडतंय."

परतताना गाडीत तिनं माझा हात मांडीवर घेतला. "असा बर्फावाणी गार का पडला गं? भर उन्हाळ्यात?"



१४ एप्रिल, सोमवार

कोर्टाला सुट्टी. स्टेशनाकडं निळे झेंडे, मिरवणुकीची तयारी, डीजे. आई अंगणात गहू निवडत होती. मी शेजारी बसले, निवडायला लागले, आणि सांगितलं. सगळं नाही. कळण्यापुरतं.

आईचा हात चालूच होता. एक खडा बाजूला टाकत म्हणाली, "तू नाय म्हणली व्हतीस?"

"व्हय. दोनदा."

"मंग?"

"मंग काय? ऐकलं नाय त्यानं."

"लग्न तर त्याच्याशीच व्हायचंय नव्हं..." एवढंच बोलली. सूप उचलून आत गेली. मला राग यायला हवा होता. आत चाचपडून बघितलं, हाताला काहीच लागलं नाही.

मागोमाग गेले आणि कायदा सांगितला. चार मेच्या आधी काय, नंतर काय. तिनं गॅसकडं तोंड करून ऐकलं.

"म्हंजी अक्षता पडल्या की मंग कुणी पुसणारच नाय?"

"बलात्कार म्हणून तरी नाय, आई."

तिनं दूध खाली उतरवलं. उतू गेलं नव्हतं तरी ओटा पुसला. "मला बी कुणी पुसलं नव्हतं," ती म्हणाली.



१७ एप्रिल

पत्रिका छापून आल्या. माझं नाव सोनेरी अक्षरात. पहिली पत्रिका देवाला ठेवायला अप्पा निघाले, तर आई म्हणाली, "थांबा जरा दोन दिस."

"का म्हणून? सगळ्या गावाला वाटायच्यात!"

"थांबा म्हणलं नव्हं!"

अप्पांशी अशी बोललेली मी कधी ऐकली नाही. अप्पा दारातून परत आले आणि चपला काढून बसले. मग ती दोघं आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मला फक्त अप्पांचा खोकला ऐकू येत होता. जेवायला अप्पा आले नाहीत.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी आई समोर उभी. हातात साखरपुड्याची साडी, घडी घातलेली, वर अंगठीची डबी. मागं दारात अप्पा, टोपी घालून, खाली बघत.

आई म्हणाली, "आधी ही त्यांच्या दारात ठेवून येतो. मंग तिघं मिळून पोलीस ठाण्यात. पर तुला इचारल्याबिगर उंबरा वलांडायचा नाय. तू नाय म्हणलीस तर नाय. सांग."

सांग म्हणाली! आणि खरंच थांबून राहिली. महिनाभर कुठं अडकलं होतं कोण जाणे, रडू फुटलं. तरी ती दोघं थांबूनच.

"व्हय," म्हणाले. नीट ऐकू जाईल असं.