मशीन ठणठणीत आहे

१९ मे, मंगळवार

प्रिय जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? मागे म्हणत होत्या, जिना उतरताना कुरकुरतो, चढताना गप्प असतो. माझ्याकडे दुरुस्तीला यायचे त्यातले काही पंप असेच असायचे. पण पंप मला उघडून बघता येत होता, त्यांना मात्र डॉक्टरकडेच न्या. दादांचा खोकला थांबला का? वहिनींना सांगा, पाठ दुखत असताना भरलेली बादली उचलू नका, निम्मी निम्मी न्या. आणि तुम्ही? तुमच्या झोपेची चौकशी करायला मला तोंड नाही, तरी करतो.

इकडे मी बरा आहे. भिंगरी बरी आहे असं ती म्हणते. ताटात वाढून घेते आणि मग भात इकडचा तिकडे करत बसते. टेबलाजवळच्या तुमच्या खुर्चीवर तिने इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली आहे. आधी वाटलं, राग आहे. मग लक्षात आलं की रोज संध्याकाळी, तुम्ही काम आवरायला बसायचात त्या सुमाराला, ती कपडे उचलून खुर्ची मोकळी करते आणि सकाळी परत ठेवते. मी बघतो हे तिला ठाऊक नाही.

परवा तुम्ही फोन उचललात आणि मी उकाड्याबद्दल बोलून ठेवून दिला. फोन करायचं कारण उकाडा नव्हतं. कागदावर माझी जीभ जरा सैल सुटते, म्हणून हे पत्र.

तर, मशीनबद्दल.

तुम्हाला आठवतं, गोगलगायीची कार्टून फिल्म हाती आली तेव्हा आपण दोघं किती खुशीत होतो. वाचनालयाचं काम, पोरांसाठी, आणि भिंगरीने काढलेली ती गोगलगाय तर अशी गोड की मी तिला नात म्हणायला लागलो होतो. पण एकेक दृश्य तयार व्हायला आपलं कॉम्प्युटरचं मशीन तासन्‌तास घ्यायचं. मीच म्हणालो, प्रोसेसरचा वेग वाढवू. दुकान बंद केल्यापासून हात रिकामे होते, आणि रिकामे हात मला खायला उठतात.

तुम्ही म्हणालात, "बाबा, घाई नको. वेग एक पायरी वाढवायचा, टेस्ट चालवायची. अडखळलं तर व्होल्टेज केसभर वाढवायचं. ताप बघायचा. मगच पुढची पायरी."

मी म्हणालो, "अहो, जन्मभर मोटारींचं वाइंडिंग केलंय मी. मला ताप शिकवता?"

स्वयंपाकघरातून भिंगरी ओरडली, "जेवायला येताय, का त्या डब्यालाच भरवू?"

काय दिवस होते हो ते. तुम्ही दोन हद्दी घालून दिल्या होत्या: व्होल्टेज एक पूर्णांक तीसच्या वर न्यायचं नाही आणि पूर्ण भार असताना ताप पंच्याऐंशीच्या वर जाऊ द्यायचा नाही. दोन्हीच्या आत आपण एक आकडा गाठला. एक पूर्णांक एकोणतीस, चौऱ्याऐंशी अंश. दिवसभर टेस्ट चालली, एक चूक नाही. तुम्ही म्हणालात, आता हात लावायचा नाही.

मी हात लावला.

तुम्ही वाचनालयाच्या मंडळींना चित्रं दाखवायला परगावी गेला होतात. मला तो चौऱ्याऐंशीचा आकडा सलत होता. मोटार तेवढी तापली असती तर मी गिऱ्हाइकाला तोंड दाखवलं नसतं. वेग तोच ठेवला आणि व्होल्टेज खाली आणलं, एक पूर्णांक बावीसपर्यंत. ताप चौऱ्याहत्तरवर आला. इतका देखणा आकडा! टेस्ट लावली ती चहा उकळून पिऊन होईपर्यंत. सकाळची वेळ, खिडकी उघडी, डब्याचं झाकण काढलेलं. तुम्ही परत आलात तेव्हा मी मिशीला पीळ देऊन सांगितलं, "दहा अंश उतरवले!"

"टेस्ट किती वेळ चालवलीत?"

"भरपूर," मी म्हणालो.

हे पहिलं खोटं. याच्यापुढे आणखी एक आहे, तिथवर यायला मला वेळ लागतोय, समजून घ्या.

दुसऱ्या दुपारी तुम्ही दोघं बाहेर असताना मनात पाल चुकचुकली म्हणून मी टेस्ट पुन्हा लावली. झाकण बंद, खिडकी बंद, पश्चिमेचं ऊन भिंतीवर. थोड्या वेळाने एक लाल ओळ आली. प्रोसेसरच्या एका भागाचं, एका कोअरचं, गणित चुकलं होतं. व्होल्टेज कमी पडत होतं, दुसरं काही नाही. मी टेस्ट बंद केली, खिडकी उघडली, परत लावली. पास. मग मी स्वतःला सांगितलं, एखादी ओळ असते अशीच. जावईबापू, मोटार जळायच्या आधी वास देते, घुमते, हाताला चटका देते. ही चिप काही म्हणजे काही करत नाही. पडदा चालू, चित्रं हलताहेत, आणि आत दोन अधिक दोन मधूनच पाच होताहेत. पण मला तिने एकदा सांगितलं होतं. लाल अक्षरात सांगितलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फिल्म उघडेना. भिंगरी म्हणाली, असू दे, रोजच्या प्रती आहेत. तुम्ही रोज संध्याकाळी सगळं काम एका फाइलीत बांधून वेगळ्या डिस्कवर ठेवायचात. कालची उघडली, फुटलेली. परवाची, फुटलेली. मागे मागे जात मी हात लावला त्या दिवसापर्यंत सगळ्या फुटलेल्या, आणि त्याच्या आधीच्या सगळ्या धडधाकट. फुटणारच. तुम्ही बांधत होतात, पण बांधणारं मशीनच चुकत होतं.

तिने डोक्याला हात लावला. "एवढं एक काम होतं तुझ्याकडे! काय बांधून ठेवत होतास रोज, दगड?"

"ठेवत होतो गं. रोज ठेवत होतो."

"मग कुठंय?"

तुम्ही पुन्हा एकेक फाइल उघडून बघायला लागलात. तेव्हा ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले. "बाबा, मशीनमुळे तर नसेल ना झालं?"

मी चष्मा पुसत होतो. म्हणालो, "मशीन ठणठणीत आहे."

हे ते वाक्य. ते लिहायला मी सकाळपासून बसलोय.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही फक्त पाहिलंत. फिल्म वेळेत देता आली नाही, काम दुसऱ्यांकडे गेलं, घरात शब्दाला शब्द वाढत गेला, आणि शेवटी ती म्हणाली की ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यासोबत एका टेबलावर कसं बसायचं. त्या वेळी मी शेजारच्या खोलीत होतो. दार उघडं होतं. चार पावलं टाकली असती तर पोचलो असतो.

दारात तुम्ही बॅग खाली ठेवलीत आणि म्हणालात, "बाबा, मशीनला जरा मोकळं सोडलंय. आता त्याला ताण देऊ नका."

मी म्हणालो, "सांभाळून जा." किती निर्ढावलेला माणूस मी!

गेल्या आठवड्यात धीर करून सेटिंगचा पडदा उघडला. माझे आकडे तिथे नव्हतेच. सगळं कारखान्यातून आलं होतं तसं. भिंगरी त्या पडद्याकडे फिरकत नाही आणि मी बदललेलं नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. तुम्हाला सगळं कळलं होतं. तुम्ही गुपचूप माझी चूक पुसलीत आणि स्वतः बॅग उचललीत.

खात्री करायची म्हणून माझे आकडे परत भरले, भर दुपारी झाकण लावून आपल्या गावच्या जुन्या फोटोंची एक फाइल बांधली. उघडली तर फुटलेली. मूळ फोटो वेगळे ठेवले होते, तेवढी अक्कल आता आली आहे. लगेच सगळं तुमच्यासारखं मूळ पदावर आणलं.

का बोलला नाहीत हो? माझी म्हाताऱ्याची लाज राखायला? लेकीला वाटतं बाबांच्या हाताला यश आहे, ते तसंच वाटत राहावं म्हणून? अहो, एकदा नुसतं "बाबा" म्हणून दटावलं असतंत तरी मी ओकलो असतो. बघा, गुन्हा माझा आणि चढतोय तुमच्यावर. वय झालं तरी खोड जात नाही.

तिला तोंडाने सांगायला गेलो होतो. ती कणीक मळत होती. मी "अगं" म्हटलं आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे." माझं "अगं" तिथेच राहिलं. मी पाणी पिऊन परत आलो.

म्हणून आता असं करतो. हे पत्र पाकिटात घालतो, पाकीट चिकटवत नाही. तिच्या हातात देतो आणि टाकून ये म्हणतो. ती विचारेल, उघडं कसं? मी म्हणेन, आधी वाच. आणि ती वाचेपर्यंत समोर स्टुलावर बसून राहीन, चष्मा पुसणार नाही. तेव्हा हे तुमच्या हाती पडलं असेल तर समजा की तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय आणि स्वतःच्या हाताने पाकीट चिकटवलंय. नाही पडलं, तर मी पुन्हा भ्यालो, आणि ते तुम्हाला कळणारही नाही. पण या वेळी भिणार नाही.

परत या असं मी म्हणत नाही. तो हक्क मी घालवला. तुम्हाला आजवर आशीर्वाद देणारा हात आज दुसऱ्या हाताला जोडतो, एवढंच.

मला रागावून लिहा, दोन ओळी लिहा, तिला लिहा, पण लवकर लिहा. मशीन मूळ वेगाने चालतंय. आणि तुमची खुर्ची संध्याकाळी मोकळी असते.

तुमचा अपराधी,
भिंगरीचा बाप