नियमातलं कुटुंब

ता. ४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शपथ घेऊन महिना झाला, तरी कुणी ‘मंत्रीबाई’ म्हटलं की मी मागे वळून बघते. असो. पुढच्या महिन्यात दीपगृहाच्या पाहणीला निघालेय, आपल्याच बेटावर! पाढे चुकले की तू मला ज्या कठड्याकडे तोंड करून उभं करायचास, तिथेच. प्रवासी होडी केव्हाच बंद झाली, आता फक्त सरकारी लाँच जाते. मंत्र्याला कुटुंबातलं एक माणूस सोबत नेता येतं म्हणे. ह्यांना बोट लागते, तेव्हा तूच चल. तुझी नजर वर्षअखेरपर्यंतच टिकेल असं डोळ्यांचे डॉक्टर बोलले, ते माझ्या डोक्यातून जात नाही. दिसतंय तोवर एकदा घर बघून घे. आढेवेढे नकोत.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
टिटवी

ता. ११ जानेवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र भिंग लावून वाचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच. बेटाचं वाचलं आणि दिवसभर कशात लक्ष लागेना. पण बाई, मला येता यायचं नाही. मंत्र्यांच्या प्रवासाचे नियम काढ, कलम नऊ. कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, मुलं आणि आईवडील. भाऊ नाही. मला ठाऊक आहे, कारण तो मसुदा माझाच. प्रवास शाखेत नवा कारकून होतो. तेव्हाचे एक मंत्री दौऱ्यावर पाच भाऊ घेऊन निघत आणि पाहणी करायचा तो इंजिनियर धक्क्यावरच राही. मी चिडून भावांवर काट मारली. साहेबांनी पाठ थोपटली, मी आठवडाभर ताठ मानेने फिरलो.

आणि नियम बदलून घेशील, तर माझ्याशी गाठ आहे. बहीण मंत्री झाली आणि भावासाठी कलम वाकलं, हे माझ्या शाखेत कुणी बोललेलं मला सोसणार नाही.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
दादा

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. लाँचमध्ये शेजारची खुर्ची कुणाला दिली नाही. आईच्या स्वयंपाकघरात आता रंगाचे डबे ठेवतात. खिडकी अजून अर्धीच उघडते. दाराच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या खुणा आहेत. सुरुवातीच्या बाबांनी केलेल्या, आईबाबा गेल्यावरच्या सगळ्या तू केलेल्या. अधिकाऱ्यांसमोर मी ढसाढसा रडले. कॉलेज सोडून तू दिवा सांभाळलास, मग माझ्या शाळेसाठी शहरात कारकुनी धरलीस. तू माझं कुटुंब नाहीस, तर कोण रे? तुझ्या कलमाचा मला भयंकर राग आलाय, तुझाही.

रागासकट तुझीच,
टिटवी

ता. ७ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र शेजारच्या शिक्षिकाबाई लिहून देताहेत, म्हणून अक्षर सुबक आहे. डॉक्टर म्हणाले तसंच झालं. जरा लवकरच झालं, इतकंच. घाबरून धावत येऊ नकोस. चहा मी अंदाजाने करतो, आणि बरा होतो.

तुझं फेब्रुवारीचं पत्र काल बाईंकडून पुन्हा वाचून घेतलं. चौकटीच्या ओळीपाशी त्यांना थांबायला सांगितलं. टिटवे, मी चुकलो गं. त्या पाच जणांचा राग मी जगातल्या सगळ्या भावांवर काढला. मसुदा लिहून घरी यायचो, तेव्हा तू दप्तर घेऊन पायरीवर वाट बघत असायचीस. तरी कुटुंब म्हणजे काय, ते मला लिहिता आलं नाही.

आता कलम नऊ बदलून घे. ज्याने वाढवलं, त्याला एक जागा दे. खुशाल बदल. त्यात माझ्या फायद्याचं आता काही उरलेलं नाही.

तुझा,
दादा