एका खेपेचा माल

प्रिय भाऊजी,

पत्रात कारण आधी लिहायची रीत आहे, पण या वेळी मी ते शेवटी ठेवते. तिथवर पोचायला मला जरा वेळ लागेल. देवाच्या दयेने घरी सगळं बरं आहे. तुमच्या दादांचा पाय आता वाकतो. जिना मात्र अजून एकेक पायरीने चढतात आणि दर पायरीला काहीतरी पुटपुटतात. दुकान चालू आहे. फरशा भाड्याच्या टेंपोने पोचवतो, आणि टेंपोवाला नऊ म्हणाला की आपण अकरा धरायचे.

मुख्य बातमी म्हणजे नवी पिकअप घेतली. येत्या गुरुवारी दारात येईल. आठ महिन्यांपूर्वी जुनी गाडी टेकडीच्या उतारावर उलटली, ह्यांचा पाय तिच्याखाली आला आणि दवाखान्यात ह्यांनी चारचौघांत तुम्हाला सांगितलं की पुन्हा माझ्या गाडीला हात लावायचा नाही. तुम्ही त्याच आठवड्यात घर सोडलंत. तेव्हापासून आमच्याकडे गाडीचा विषय निघत नव्हता. शेवटी मीच काढला. ह्यांच्या मनात ओळखीतली एक जुनी गाडी होती, रंग देऊन चकचकीत केलेली. मी म्हटलं, या घराने एक पाय दिलाय, आता घासाघीस पुरे. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई हे बोलली म्हणून हे माझ्याकडे बघतच राहिले.

कोणती घ्यायची हे ठरवायला मला दोन महिने लागले. गाडीबद्दल पुरुषांना विचारण्यात अर्थ नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. ज्याने जी घेतली ती चांगली. तिच्यात खोट काढली तर पोटच्या पोराला नावं ठेवल्यासारखं तोंड करतात. म्हणून मी त्यांच्या बायकांना गाठलं आणि गाडीचं नावही न काढता विचारलं, नवरा घरी येतो किती वाजता? पाण्याचे जार पोचवणाऱ्याची बायको म्हणाली, पहिली गाडी होती तेव्हा जेवण तीनदा गरम करायचे, आता एकदाच करते. मी लगेच त्या गाडीचं नाव वहीत टिपलं. बेकरीवाल्याची बायको नुसती हसली आणि म्हणाली, आमच्यापेक्षा त्या मेकॅनिकच्या घरचेच त्यांना जास्त ओळखतात. ती गाडी मी खोडली. अशा अकरा घरी गेले. चहाचा खर्च त्यांचा, माझा फक्त वहीचा कागद.

शेवटी दोन गाड्या उरल्या, तेव्हा ह्यांना घेऊन शोरूममध्ये गेले. तिथला टाय लावलेला विक्रेता सगळं ह्यांनाच सांगत होता. इंजिन, मायलेज, डिझेल. मी विचारलं, धडक बसली तर आतल्या माणसाचं काय होतं? मग तो माझ्याकडे वळला. एका गाडीत चालवणाऱ्यासमोर हवेची पिशवी होती, शेजारच्याला फक्त पट्टा. दुसरीत दोघांनाही पिशवी, आणि ब्रेक जोरात दाबला तरी चाकं अडकून गाडी घसरत नाही अशी सोय. दुसरी महाग होती. मी म्हटलं, शेजारी बसतो तोही कुणाच्या तरी घरचाच असतो. हे शेजारीच बसले होते ना त्या दिवशी. ह्यांनी मान खाली घालून काठीचं रबर न्याहाळलं, आणि तिथेच ठरलं.

सह्या करायच्या आधी त्या टायवाल्या मुलाने गाडीचं दार उघडून चौकटीवरची एक छोटी पाटी दाखवली. म्हणाला, या गाडीत इतक्या किलोच्या वर माल भरायचा नाही, आणि आत बसलेल्या माणसांचं वजनही यातच धरायचं. मी म्हटलं, मग मला गाडीत बसवूच नका. तो हसला, हेही हसले. मीही हसले. पण ती पाटी डोळ्यांसमोरून हलेना.

भाऊजी, गाडी किती भरायची हे माझं मी कसं ठरवायचे ते तुम्हाला माहीत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पेटी भरते, डबे भरते, कपाट भरते. रिकामी जागा दिसली की मला ती वाया गेल्यासारखी वाटते. गाडीचंही तसंच. मागचं फळकं लागलं म्हणजे बसलं, आणि बसलं म्हणजे पेललं, असा माझा हिशेब. फरशीचं खोकं दिसायला बसायच्या पाटाएवढं. तीस किलोचं ते खोकं मी स्वतः कधी उचललं नाही. जुन्या गाडीच्या कागदांवरही वजनाचा आकडा होता. दर वर्षी तो कागद माझ्याच हातात यायचा आणि मी विम्याची तारीख बघून घडी घालायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी तो जुना कागद काढला. साडेबाराशे किलो. मग अपघाताच्या दिवसाच्या मालाची चिठ्ठी काढली. तुमच्या अक्षरात दोन खेपा होत्या. पहिलीत चौतीस खोकी, दुसरीत चोवीस खोकी आणि चिकटवायच्या सिमेंटच्या वीस-वीस किलोच्या चौदा गोण्या. त्यावर माझ्या अक्षरात मोठा कंस आणि पुढे लिहिलेलं, एकच खेप. मी वजनं मांडली. तुमची पहिली खेप हजारावर वीस किलो, दुसरी बरोबर हजार. दोन्ही गाडीला पेलणाऱ्या. माझी एक खेप दोन हजार वीस. वर तुम्ही दोघं. तीनदा मांडलं. मॅट्रिकपर्यंतचंच गणित आहे, चुकण्यासारखं काही नव्हतं.

तुम्ही निघताना परत आला होतात. गाडी पुढून हलकी लागतेय वहिनी, स्टिअरिंग धरत नाहीये, असं म्हणाला होतात. मी पोथी वाचत होते, पानावरून नजरही न उचलता म्हटलं, जवळच तर जायचंय, देव आहे. दवाखान्याच्या दारात तुम्ही मला एकटीला गाठून सांगितलंत की मी हळूच होतो. मी हो म्हटलं, पण मला ते खरं वाटलं नाही. पोलिसांनी अतिवेग लिहिलं, ह्यांनी ते मानलं, आणि मला ते सोयीचं पडलं असावं. आता देवापुढे बसते तेव्हा देवाला दोष देता येत नाही. त्याने तुमच्या तोंडून सांगितलं होतं. ऐकायचं काम माझं होतं.

चिठ्ठी आणि कागद मी ह्यांच्यापुढे ठेवले. दोन्ही वाचून झाल्यावर ह्यांनी चिठ्ठी पुन्हा कागदावर नीट ठेवली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "हलकी लागतेय म्हणाला तेव्हा मी शेजारीच होतो. मीच म्हटलं, चल." एवढंच. त्यानंतर चहा घेतला आणि जार पोचवणाऱ्याला बोलावून त्याला सरळ सांगितलं की चूक धाकट्याची नव्हती. तो गावभर फिरतो, त्यामुळे आता वेगळं सांगायला कुठे जायला नको.

त्याच्याकडूनच कळलं की तुम्ही तिथे गोदामात पोती उतरवता. गाडी चालवायला कुणी ठेवून घेत नाही, कारण पहिल्या मालकाने इथे फोन करून विचारलं आणि ह्यांनी वेगाचं सांगितलं. चौदा वर्षं एक ओरखडा न काढता गाडी चालवलेला माणूस तुम्ही. म्हणून हे पत्र. नव्या गाडीवर आम्ही अजून कुणाला ठेवलेलं नाही. चालवणारा जेवढा म्हणेल तेवढाच माल चढेल, मी चिठ्ठीला हात लावणार नाही. पण यायलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. तिथेच चांगली नोकरी मिळत असेल तर हे पत्र त्या मालकापुढे ठेवा. तुमच्या दोन खेपांची चिठ्ठी आणि वजनाचा कागद सोबत जोडले आहेत. ह्यांनीही खाली सही केली आहे. माझी ही.

तुमचीच,
वहिनी