तारांखालची पेन्सिल

पनवेल,
२१ जानेवारी १९६३

प्रिय आनंदा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. आठ वर्षांत राखी पोचली एवढंच कळवणाऱ्या माझ्या भावाने एकदम दोन पानं लिहिली, तीही गिटारीवर. शाळेतून आले होते, पायांचे तुकडे पडले होते, तरी चहा न टाकता उंबऱ्यातच बसून वाचलं. पुढच्या महिन्यात तू मुंबईला येणार, हवाईयन गिटार घेणार आणि तिथूनच नागपूरची परतीची गाडी धरणार. पनवेलला यायला रजा नाही म्हणतोस. मी मास्तरीण आहे, रजा कधी पुरते आणि कधी पुरत नाही ते मला कळतं. पण वाद घालत नाही. दमलेय रे आता.

दुकानदाराने तीन कळवल्यात म्हणतोस. सहा तारांची साधी, आठ तारांची विजेवरची आणि कुण्या खलाशाने परदेशातून आणलेली, पायांवर उभी राहणारी, जिच्या खाली पायाने दाबायच्या पट्ट्या आहेत ती. तिसरीवर तुझा जीव जडलाय हे अक्षरावरूनच कळलं. जत्रेतही तुझं बोट नेहमी सगळ्यात मोठ्या खेळण्याकडेच जायचं. ती घेऊ नकोस. पट्टी दाबली की सूर ओढला जातो हे खरं, पण तुझा हात आठ वर्षं रिकामा आहे. आधी तो स्थिर होऊ दे. सहा तारांची घे. दुकानातच मांडीवर आडवी ठेव, स्टीलची कांडी तारांवरून हलकेच या टोकापासून त्या टोकापर्यंत ने. कुठे खडखडली तर परत दे. आणि खिशात एक पेन्सिल ने. ती तारांखालून सरळ आरपार गेली पाहिजे. अडकली, तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी उठून ये.

गोदूताईला हे कुठून कळलं, असं वाटेल तुला. सांगते.

आप्पांनी चाकं करणं सोडून तीन वर्षं झाली. मिठागरावरचं मीठ आता लॉरीने जातं, बैलगाडी कुणाला हवी? त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळी मी त्यांना नळावर नेते, जेवायला वाढते, शाळेत जाते, येते, पुन्हा वाढते. तक्रार नाही, पण हल्ली फळ्यावर तारीख लिहितानासुद्धा हात जड होतो.

तुला आठवतं ना, तू मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला मामांकडे होतास, तेव्हा आप्पांनी तुझ्या गिटार-मास्तरांची चिठ्ठी नेऊन ती गिटार आणली. तुला न सांगता. आठ दिवस ती घरात होती. तू ती वाजवतोस कशी, हे आम्ही दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. मास्तरांच्या घरी शिकलास आणि कांडी तुझ्याच खिशात असायची. मी कॅलेंडरवरच्या बाईसारखी गिटार छातीशी उभी धरली आणि बोटांनी तारा दाबल्या. तारा इतक्या उंच, की बोटं कापली, सूर काही निघेना. मी आप्पांना म्हटलं, दुकानदाराने फसवलं तुम्हाला, तारा वर राहिल्यात. मी म्हटलं, आनंदा. मी.

आप्पांनी कानस काढली. तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घासून घासून खाली आणली, चाकावर लोखंडी धाव बसवताना बघायचे तसे एक डोळा मिटून बघत. पोराच्या बोटांना त्रास नको, म्हणत होते. किती खूश होते ते.

तू परीक्षेहून थेट शेजारच्या परटीसांच्या अंगणात आलास, सत्यनारायणाच्या कार्यक्रमाला. गिटार मीच आणून दिली. तू कांडी टेकवलीस आणि सगळी नुसती खडखडली. लोक हसले. पट्टीवरचे कानशीचे ओरखडे तू पाहिलेस आणि सगळ्यांसमोर आप्पांना म्हणालास, की मी सुतारकामच करावं म्हणून तुम्ही हे केलंत. आप्पा एवढंच म्हणाले, माझ्या हातून झालं. मी तोंड उघडणार होते. घरी येताना त्यांनी मला थांबवलं, “तू गप रहा. पोरगी गिटार वाजवते म्हनतील, तुजं लगीन बघायचं हाय.” लग्न काही झालं नाही. गप्प राहणं तेवढं नीट झालं.

गिटार इथेच टाकून तू नागपूरला गेलास. मग एका बँडवाल्याने आम्हाला सांगितलं, ही गिटार आडवी ठेवतात, तारा उंचच असतात. आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. मग जुन्या गाडीच्या शिसवीच्या तुकड्यातून त्यांनी नवी पट्टी केली. तीन बिघडल्या, चौथी बसली. तिच्यावर मी सहा वर्षं वाजवतेय. फार बरं वाजवते असं नाही. आप्पा ऐकतात, आणि दर वेळी आधी बोटांनी चाचपत तारांखालून पेन्सिल घालून बघतात.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ‘घरच्या कुणाचा हात लागू नये म्हणून परस्पर नेणार’ हे वाक्य मी गाळलं. ऐकून त्यांनी गिटार मागितली आणि तारांखालून पेन्सिल घालून पाहिली. मग म्हणाले, “त्याला लिव, तारा उंच बघून घे. आमाला तवा ठाव नव्हतं.” पेन्सिलही त्यांनीच सांगितली. हे पत्र त्यासाठीच आहे. बाकीचं मी माझ्या जिवावर लिहितेय, त्यांना ठाऊक नाही. कानस त्यांच्या हातात होती, पण बोलले मी होते. तुझा राग माझा आहे, तो मला दे. माझं तोंड बघवणार नसेल, तर येण्याचा दिवस कळव. मी करंजा गावी शाळेतल्या कमळाबाईकडे दोन दिवस जाऊन राहीन. आप्पा घरीच असतील. गिटार कोपऱ्यातल्या गवसणीत आहे, जुळवून ठेवीन. कांडी तेवढी तुझी तू आण.

तुझीच,
गोदूताई