कोब्यातले धागे

निर्णा, १७ फेब्रुवारी २००९

बसूवर विश्वास ठेवावा की नाही, कळेना. आमच्या शाळेच्या वऱ्हांड्याचा कोबा माझ्या या धाकट्या दिराला द्या, असं मीच हेडमास्तरांना सांगितलं होतं. पुण्यात बांधकामावर राहून आलाय, काम येतं त्याला. आणि आज बघते तर पाडलेल्या जुन्या खोलीचं काँक्रीट फोडून तीच खडी सिमेंटात कालवायलाय! वरून नायलॉनचे केसासारखे धागे टाकतो.

"नवी खडी कुठं गेली?" मी विचारलं.

"मागवलीच न्हाई, वैनी. जमिनीला ही चालती. तडा गेला तरी धागे धरून ठेवतेत."

केसाएवढे धागे काय धरणार? नवी खडी यानं स्वतःच्या घरी उतरवली असणार. शाळा सुटल्यावर तडक तिकडं गेले. अंगणात ताडपत्रीखाली ढीग होता. उचलून बघितलं, तर गोवऱ्या.

सासूबाई त्याच्याकडंच असतात. मागं न्हाणीत पाय धूत होत्या. त्यांच्या पायाखालच्या कोब्यात तेच धागे!

"दिवाळीआधी घातलाय बसूनं, अजून तडा न्हाई," त्या म्हणाल्या. "आदी घरात घालून बघतो, मग शाळंत, म्हनला."

तेवढ्यात बसू दारात आला.

"मला सांगितलास कामून न्हाई?" मी म्हटलं.

"तुमी इचारलाव कुठं, वैनी? ताडपत्री उचलून बघायलाव."

मान खाली घालून, काम चालू ठेव म्हणाले आणि घरी आले. पण आता लिहिताना वाटतं, सासूबाई अंगानं हलक्या. वऱ्हांड्यात अख्खी शाळा उड्या मारणार.