कोरडी ताटली

जयवंता,

तू साडी पोचवायला खासबागेला गेलीस आणि मी सहज मागावर बसलो. रोज कुरकुरणारी पायाखालची पावडी आज गपगुमान चालली. हात लावला तर बोटं काळी, वास मोटारीच्या तेलाचा.

अण्णा मालकांची जी मोटार चालवतो, तिच्या स्टेरिंगच्या पेटीतनं तेल गळत होतं. काल मी मेणातलं सूत गुंडाळून गळती बंद केली आणि खात्री करायला खाली ताटली ठेवली. सकाळी ताटली कोरडी दिसली, म्हणून अण्णाला म्हटलं, 'जा बिनघोर.' रात्रीत तिच्यात पडलेलं तेल तू पावडीला घातलंस, व्हय ना? तुझी चूक न्हाय. आपल्या घरात तेलाचा थेंब वाया जात न्हाय, हे मला ठावं होतं. विचारायचं मीच विसरलो.

म्हणजे पेटी अजून गळतीच हाय, आणि ती कोरडी पडली की वळणावर स्टेरिंग अडकतं. अण्णा त्याच्या दोन्ही पोरांना घेऊन निपाणीला निघालाय, आणि वाटेत तवंदीचा घाट. सायकलीनं गाठणं व्हणार न्हाय, तिकडं जाणारी मिळंल ती सर्विस मोटार धरतोय.

वैनीला अण्णाचं आणि पोरांचं काय बोलू नको. आल्या आल्या मागावर बस. माग थांबला की ती काय झालं ते बघायला येती.

तम्मण्णा