जीप कुणाची, आणि रंग कुठे लावायचा नाही

मी, खाली सही करणारी, वय पंचावन्न, धंदा जीप चालवणे, शाळा चौथीपर्यंत, हे सगळं शुद्धीवर राहून लिहिते आहे. उद्या माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, काळजीचं कारण नाही. त्यांना नसेल. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तो आणायला आलेल्यांना चहा न देता परत पाठवलं आहे. दस्तलेखक समोर बसलेत. "बाई, मुद्द्याचं लिहा," म्हणतात. मुद्द्याचंच लिहिते आहे.

एक. राहतं घर माझ्या मुलाला. वरच्या खोलीचा पत्रा गळतो हे त्याला ठाऊक आहे, तेव्हा मागाहून कुरकुर चालणार नाही. बँकेत असेल नसेल तेही त्याचंच, दवाखान्याचं भागवून.

दोन. आमचे हे पाट्या रंगवायचे. यांच्यामागे राहिलेले ब्रश नातीला द्यावेत. भिंतीवर रेघोट्या मारल्या तर तिला ओरडू नये.

तीन. जिन्याखाली जळके अल्टरनेटर रचून ठेवलेत, ते सगळे माझ्या दिरांना. जीप भंगारात काढा म्हणून त्यांनी माझं डोकं खाल्लं. भंगाराची एवढी आवड असलेला माणूस रिकाम्या हातानं राहू नये.

चार. जीप. इथे जरा वेळ लागेल.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी भरणारा डबा. आमच्या जीपचा तो सारखा जळायचा. नवा बसवावा, थोडे दिवस बरे जावेत, की पुन्हा जळका वास. का जळतो विचारलं की बॅटरीवाला म्हणायचा, "गाडीचं वय झालं, मावशी." मी म्हणायची, "तुझं झालं की तूही जळणार का?"

जीप डिझेलची, जुनी. एकदा सुरू झाली की तिला विजेची गरज नाही. त्यामुळे अल्टरनेटर गेला तरी ती थांबायची नाही. आधी पुढ्यात लाल दिवा लागायचा. मग हेडलाइट पिवळे, मग तांबूस, मग राखेतल्या निखाऱ्यासारखे. वायपर झोपेत हात हलवावा तसा एकदा हलायचा आणि तिथंच राहायचा. धुक्यात रस्ता दिसायचा नाही, चाकं दगड ओळखून वळायची. मागच्या बायका बोलायच्या थांबायच्या. मला वाटायचं, आपण उतरतच नाही आहोत, टेकडीच हळूहळू वर निघाली आहे. शेजारच्या सीटवर हे बसलेत आणि बोटानं काचेवर अक्षरं काढतायत, असंही वाटायचं. बघायला मान वळवली नाही कधी. वळवली असती तर गाडी ओढ्यात.

मुलगा म्हणतो, "आई, विक आता. किती अल्टरनेटर खाणार ती?" टेकडीवरच्या वस्तीला दुसरी गाडी जात नाही. ओढ्यातून चाक घालायला कुणी तयार नाही. जीप थांबली तर नर्सबाई वर जाणार नाही आणि वरची बाळंतीण खाली येणार नाही. इतकं सरळ आहे.

एकदा दुपारीच धुकं दाटलं, आणि सूनबाई माझ्याबरोबर होती. दिवे गेले. इंजिन चालू ठेवून मी ओढ्याशी थांबले, बॅटरीला जोडायची जाड वायर काढली. तिचा एक चिमटा सूनबाईनं इंजिनाला लावला. दुसरा हातातून निसटला आणि खाली गाडीच्या सांगाड्याला चिकटला. समोरचं धुकं एकदम उजळलं.

"आई, काढू?"

"काढ."

दिवे मंद.

"लावू?"

"लाव की!"

दोघी खुळ्यासारख्या दिवे लावत-विझवत बसलो. पलीकडच्या काठावर झाडं यायची आणि जायची.

इंजिन आणि सांगाडा जोडणारी अर्थिंगची पट्टी असते. हे दरवर्षी जीप रंगवायचे, आणि पट्टी खोलून तिच्या बोल्टाखालीसुद्धा रंग द्यायचे. रंगातून वीज जात नाही, आणि विजेची वाट अडली की जळतो अल्टरनेटर. मी तिथं खरवडलं. निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा. हिरवा मुलगा झाला त्या वर्षीचा. तोंडानं हे कधी चार शब्द बोलले नाहीत, गाडीला मात्र इतके थर. सगळ्यात खाली लोखंड लागलं, कोवळं, चकचकीत. प्रेम करावं, पण बोल्टाखाली नाही. त्यानंतर अल्टरनेटर जळलेला नाही.

म्हणून जीप, पाने आणि जॅक सूनबाईला. त्या बोल्टाखाली रंग लावायचा नाही. बाकी अंगावरचा खरवडायचा नाही. मुलाला राग येईल. यावा. गाडी हवी तेव्हा बायकोकडे मागावी.

चालवायला तिला मीच शिकवलं, पण ती अजून नाहीच म्हणते. "एवढं धूड मी एकटीनं न्यायचं? लोक हसतील." हसू देत, म्हटलं, हसणारे मागच्या सीटवरच बसतात. जबरदस्तीनं दिलेली गाडी दारात गंजते, हे मलाही कळतं.

साक्षीला नर्सबाई आणि सूनबाई ठरल्या होत्या. नर्सबाई तयार होत्या. सूनबाईनं पेन घेतलं तेवढ्यात दस्तलेखक म्हणाले, "थांबा. साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही. सही तरी करा, नाहीतर जीप तरी घ्या."

कुणी बोलेना. मीसुद्धा नाही, आणि हे लिहून ठेवण्यासारखं आहे. सूनबाई पेनाकडे बघत राहिली. मग त्याला टोपण लावलं, माझ्यापुढे ठेवलं.

"बसा सगळे. मी बॅटरीवाल्याला आणते सहीला."

"चालत?" मी विचारलं.

"चालत कशाला?"

खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. गिअर जरा करकरला. मी खिडकीशी गेले नाही.

लिहून देणार: मी, वाचून, समजून.
साक्षीदार पहिली: नर्सबाई.
साक्षीदार दुसरा: बॅटरीवाला. जीपमधून आणलेला, चेहरा पांढरा, सही सरळ.
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल.
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस. उद्या दवाखान्यात मला सूनबाई सोडणार आहे, आणि मी मागच्या सीटवर बसणार आहे.